एडमंटनहून ओउलूला

2019च्या उन्हाळ्यात येसे पुल्युयार्वी या एकवीस वर्षांच्या फिनिश आइस हॉकीपटूने कॅनडातल्या एडमंटन ऑयलर्स संघाला निरोप धाडला: दुसऱ्या संघाकडे पाठवा, नाहीतर मी युरोपात जाऊन खेळतो. संघाने पाठवले नाही. ऑगस्टमध्ये त्याने मायदेशी, ओउलू शहरातल्या कॅरपॅत क्लबशी एका वर्षाचा करार केला. एडमंटनच्या चाहत्यांत दोन तट पडले. एक म्हणे पोरगा रुसला, दुसरा म्हणे संघाने त्याला नासवला.

दोन्ही तटांकडे पुरावा होता. 2016च्या जानेवारीत हेलसिंकीत वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धा फिनलंडने जिंकली, तेव्हा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू हाच. जूनच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, एडमंटनने त्याला चौथ्या क्रमांकावर उचलले आणि अठराव्या वर्षीच थेट नॅशनल हॉकी लीग म्हणजे एनएचएलमध्ये उतरवले. पहिल्या 28 सामन्यांत गोल एकच. मग दुय्यम लीगमधल्या बेकर्सफील्डला रवानगी, तिथून परत, पुन्हा रवानगी. तीन हंगामांत 139 सामने आणि गोल-साहाय्य मिळून 37 गुण. इतक्या वर निवडलेल्या खेळाडूला हे शोभणारे नव्हते, आणि ज्या पद्धतीने त्याला वर-खाली केले गेले तेही संघाला शोभणारे नव्हते.

पुल्युयार्वीचे नाव मोठे म्हणून गाजावाजा झाला. पण अमेरिकन हॉकी लीग म्हणजे एएचएल या दुय्यम लीगमधून दरवर्षी कितीतरी तरुण स्वीडन, फिनलंड, स्वित्झर्लंड, जर्मनीची वाट धरतात आणि त्याची दोन ओळींपलीकडे बातमी होत नाही. आपल्याकडे मैदानी हॉकीत खडकीचे धनराज पिल्ले फ्रान्स-जर्मनीतल्या क्लबांकडून खेळले, पण ते नाव झाल्यावर. इथे प्रश्न नाव होण्याआधीचा आहे: थांबावे की जावे?

थांबण्याच्या बाजूने पहिला मुद्दा साधा आणि भक्कम आहे. एनएचएलमधले बहुतेक खेळाडू एएचएलमधूनच वर आलेले असतात. वरच्या संघात कोणी जायबंदी झाला की दुपारी फोन येतो आणि रात्री मुलगा एनएचएलच्या बर्फावर असतो. समुद्रापलीकडे गेलेल्याला तो फोन येत नाही. शिवाय तिथला रिंक वेगळा. उत्तर अमेरिकेत रुंदी सुमारे 26 मीटर, युरोपात पारंपरिक मोजमाप 30. त्या चार मीटरांत विचार करायला जो वेळ मिळतो, तो परत आल्यावर मिळत नाही. युरोपात देखणा दिसणारा खेळ एनएचएलच्या कडेला, फळीवर दाबला गेला की विरून जातो, असे प्रशिक्षक सांगतात ते उगाच नाही.

पण थांबण्याची किंमत कोणी फारशी मोजत नाही. एएचएलचा हंगाम 72 सामन्यांचा. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन रात्रींत तीन सामने, मधला प्रवास बसने. करार बहुधा दुहेरी असतो: वर खेळलास तर एक पगार, खाली खेळलास तर त्याच्या अंशाएवढा. आणि एक नियम असा, जो चाहत्यांना क्वचितच ठाऊक असतो. एएचएलच्या सामन्यात उतरणाऱ्या, गोलरक्षक सोडून, अठरा स्केटरपैकी किमान तेरा 'घडत असलेले' लागतात, आणि त्यांतल्या बारांचे व्यावसायिक सामने 260हून जास्त असता कामा नयेत. 72च्या हिशेबाने चार हंगाम पुरते भरत नाहीत तोच ही मर्यादा संपते. त्यानंतर पंचविशीतला तो गडी संघाच्या दृष्टीने उमेदवार उरत नाही, मर्यादित जागांपैकी एक अडवणारा ठरतो. लीग तरुणांसाठी आहे हे ठीकच. पण 'थोडा धीर धर' असे सांगणाऱ्यांनी धीराची मुदतही सांगायला हवी.

जाण्याच्या बाजूने जी उदाहरणे दिली जातात ती झगमगीत आहेत. 1998 साली हेलसिंकीचा एचआयएफके क्लब फिनलंडचा विजेता झाला. त्या संघात दोन अमेरिकन होते. बचावपटू ब्रायन रफाल्स्कीला एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये कोणी घेतलेच नव्हते. गोलरक्षक टिम थॉमस 217व्या क्रमांकावर घेतला गेला आणि दुय्यम लीगमध्ये भटकत राहिला. रफाल्स्की चार वर्षे स्वीडन-फिनलंडमध्ये काढून 1999 साली न्यू जर्सीला आला आणि पहिल्याच हंगामात एनएचएलचा स्टॅनली कप जिंकला, पुढे आणखी दोन. थॉमसला जास्त वाट पाहावी लागली. 2011 साली बॉस्टनने कप जिंकला तेव्हा तो 37 वर्षांचा होता, आणि अंतिम सातव्या सामन्यात त्याने व्हँकूव्हरला एकही गोल करू दिला नाही. रशियाचा येव्गेनी दादोनोवही असाच. फ्लोरिडाकडे असताना बराच काळ दुय्यम संघांत अडकला, 2012 साली युरोपात परत गेला, 2017 साली त्याच फ्लोरिडाकडे वर्षाला 40 लाख डॉलरच्या करारावर आला आणि पहिल्याच हंगामात 28 गोल केले.

या कथांवर मात्र किती भिस्त ठेवायची? परतून यशस्वी झालेल्यांची नावे आपल्याला ठाऊक असतात, न परतलेल्यांची नसतात, आणि दुसरी यादी फार लांब आहे. दादोनोव 2012 साली युक्रेनमधल्या ज्या दोनेत्स्कच्या क्लबकडे गेला, त्याचा रिंक दोनच वर्षांनी युद्धात जाळला गेला. 2022 साली एनएचएलने रशियाच्या केएचएल लीगशी संबंधच तोडले. स्वित्झर्लंडमध्ये सामन्याला सहाच परदेशी खेळाडू उतरवता येतात. म्हणजे कॅनडातल्या ससकॅचवनच्या पोराला तिथे शिकायला नेलेले नसते, पहिल्या आठवड्यापासून गोल करायला नेलेले असते. नाही केले तर नाताळापर्यंत त्याच्या जागी दुसरा येतो. पुल्युयार्वी आपल्या भाषेत, आपल्या माणसांत गेला होता. त्याचे उदाहरण कॅनडातल्या मुलाला जसेच्या तसे लागू पडत नाही.

निष्ठा की पैसा, अशी मांडणी आम्हाला तरी उथळ वाटते. पगाराबरोबर घर आणि गाडी देणारा युरोपीय क्लब हा पंचविशीनंतर चांगला रोजगार आहे, आणि संसार मांडू पाहणाऱ्याने तो घेतला म्हणून त्याला कोणी हिणवू नये. स्वप्न पाहायचे वय उलटलेल्याने जावे, आनंदाने जावे, फक्त 'दोन वर्षांत परततो' असे स्वतःला सांगू नये. एकोणीस वर्षांच्या, आताच रुसलेल्या उमेदवाराने जाऊ नये. खरा पेच एकवीस ते तेवीसच्या मुलांचा आहे. त्यांचा प्रश्न एवढाच असावा: मला बर्फावर किती मिनिटे मिळतील, आणि पॉवर प्लेमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना, उभे करतील का? चौथ्या फळीत रात्री आठ मिनिटे खेळून गोल करण्याची कला कोणाच्याही हाती येत नाही.

पुल्युयार्वीला ओउलूत ती मिनिटे मिळाली. 56 सामने, 24 गोल, 53 गुण. 2020च्या ऑक्टोबरमध्ये तो एडमंटनशीच दोन वर्षांचा करार करून परतला आणि नंतरच्या दोन हंगामांत 29 गोल केले. पुढे दुखापतींनी गाठले आणि 2023 साली संघाने त्याला कॅरोलायनाला दिले. तो तारा झाला नाही. तरीही ते एक वर्ष वाया गेले असे म्हणता येणार नाही. 139 सामन्यांत 17 गोल करणारा खेळाडू परत आल्यावर 120 सामन्यांत 29 करून गेला.

कायद्याची बाजू अनेकांच्या लक्षात येत नाही, आणि निकाल तिथेच लागतो. संघाने नव्या कराराचा रीतसर प्रस्ताव दिलेला असला तर खेळाडू युरोपात गेला तरी एनएचएलमधले त्याचे हक्क साधारण 27व्या वर्षापर्यंत त्याच संघाकडे राहतात. 1 डिसेंबरपर्यंत त्या संघाशी करारावर सही केली नाही तर तो हंगाम गेलाच. हंगाम सुरू झाल्यावर युरोपात खेळून मध्येच परतायचे म्हटले, तर आधी बाकी सगळ्या संघांना त्याला उचलण्याची मुभा द्यावी लागते. यातून एकच जण सुटतो: ज्याला त्याच्या संघाने उसना पाठवला आहे तो.

म्हणून आमचे म्हणणे संघांना आहे. बावीस वर्षांचा मुलगा दुसऱ्या वर्षीही खालीच अडकला असेल, तर त्याच्या धमकीची वाट पाहू नका. त्याच्या संमतीने एका हंगामासाठी युरोपात उसना द्या. हे अशक्य नाही. 2020च्या शरदात कोविडच्या साथीमुळे एनएचएल बंद होती, तेव्हा अनेक संघांनी हेच केले. पुल्युयार्वीला एडमंटननेही करार झाल्यावर पुन्हा कॅरपॅतकडे उसने दिले होते, आणि जानेवारीत हंगाम सुरू झाला तेव्हा तो एडमंटनच्या संघात होता.