बिबट्याच्या भागात आजी-आजोबांचा कुत्रा: ठेवायचा की नाही?

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा जीव गेला. त्यात दोन मुले होती आणि एक वृद्ध महिला. अशा घटनांनंतर घरात एक वाद हमखास होतो: कुत्र्यामुळे बिबट्या दारात येतो, मग आजोबांचा कुत्रा कुणाला तरी देऊन टाकायचा का?

ही भीती निराधार नाही. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले भागात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा आढळला. तरीही निर्णय घाईने घेऊ नका.

कुत्र्यामुळे ज्येष्ठांना काय मिळते?

मुले पुण्याला किंवा रांजणगावच्या कारखान्यात पाळीवर असतात आणि आजोबा दिवसभर एकटे. कुत्र्याला भाकरी घालायची म्हणून ते वेळेवर उठतात, स्वतःही जेवतात, थोडे चालतात, त्याच्याशी बोलतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये म्हटले, की कुत्रा पाळणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका कमी असण्याची शक्यता आहे. मात्र केवळ त्यासाठी प्राणी पाळा, असा सल्ला दिलेला नाही. खरा फायदा हालचाल, दिनक्रम आणि सोबत यांचा आहे. तो मिळवण्यासाठी कुत्रा रात्री अंगणात असण्याची गरज नाही.

घरात काय बदलाल?

• फिरणे ऊन वर आल्यावर ठेवा आणि अंधाराआधी परत या. दिवसाही हल्ले झाले आहेत, म्हणून उसाच्या कडेने किंवा एकट्याने नको.
• साखळी मनगटाला गुंडाळू नका. कुत्र्याने हिसका दिला तर पडून खुब्याचे हाड मोडू शकते.
• रात्री कुत्रा बंदिस्त खोलीत ठेवा. आजोबांची बाजही ओट्यावरून आत घ्या. कुत्रा भुंकला तरी दार उघडून पाहू नका.
• रात्री लघवीसाठी बाहेर जावे लागत असेल तर खोलीतच भांडे ठेवा. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी चालू असेल तर वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.
• कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस द्या. तो चावला किंवा ओरखडला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा.

कुत्रा द्यावाच लागला तर?

आधी आजोबांशी बोला, त्यांच्या नकळत कुत्रा नेऊ नका. नंतर त्यांचे जेवण, झोप आणि बोलणे यांवर लक्ष ठेवा. दोन आठवडे उलटूनही ते गप्पच राहत असतील, जेवण टाळत असतील, तर "वयामुळे होतं" म्हणून सोडून देऊ नका. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत.