शेष भारताविरुद्ध विदर्भ

इराणी करंडकाच्या सामन्यात एका बाजूला रणजी विजेता संघ असतो आणि दुसऱ्या बाजूला ‘शेष भारत’. रणजी स्पर्धेच्या पंचविशीनिमित्त १९५९-६० मध्ये हा सामना सुरू झाला, तेव्हा हेतू साधा होता. विजेत्याची कसोटी उरलेल्या देशातल्या निवडक खेळाडूंपुढे लागावी, एवढाच. पण ज्या प्रदेशाला आपण डावलले गेलो असे वाटत आले आहे, त्याच्या चाहत्यांसाठी धावफलकावरची ती दोन नावेच घोषणा बनतात. विदर्भ विरुद्ध शेष भारत असा सामना २०१८, २०१९ आणि २०२५ मध्ये झाला. तिन्ही वेळा तो नागपूरला झाला आणि तिन्ही वेळा करंडक विदर्भाकडेच राहिला; पहिल्या दोन वेळी पहिल्या डावातल्या आघाडीवर, तिसऱ्या वेळी ९३ धावांनी. आपण एकीकडे आणि उरलेला देश दुसरीकडे, ही भावना क्रीडारसिकांत सगळीकडे आढळते. तिला इतके तंतोतंत रूप मात्र क्वचितच मिळते.

या भावनेची मुळे मैदानाबाहेर आहेत. मध्य प्रांत व वऱ्हाडाचा संघ रणजीच्या पहिल्या हंगामापासून, म्हणजे १९३४-३५ पासून खेळत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरचे राजधानीपण गेले आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पुढच्याच वर्षी, १९५७-५८ च्या हंगामात, ‘विदर्भ’ या नावाने संघ रणजीत उतरला. मराठी मुलूख एका राज्यात आला, क्रिकेट संघ मात्र मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन राहिले. १९५३ च्या नागपूर कराराने दिलेली आश्वासने, सिंचनाचा आणि नोकऱ्यांचा अनुशेष, मुंबई-पुण्याकडे झुकलेला कारभार यांवरची नाराजी जिथे उघडपणे ‘विदर्भ’ म्हणून उभी राहू शकते, अशी जागा म्हणून क्रिकेट संघ उपयोगी पडला. मात्र साठ वर्षे त्या संघाने करंडक जिंकला नाही. विदर्भाकडून खेळणारा पहिला कसोटीपटू, खापरखेड्याचा उमेश यादव, भारताच्या कसोटी संघात आला तो २०११ मध्ये.

‘आमच्यावर अन्याय झाला’ हे वाक्य खेळात दोन प्रकारे वापरता येते. एक प्रकार एन.के.पी. साळवे यांचा. विदर्भ क्रिकेट संघटनेतून पुढे आलेले साळवे १९८३ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते. लॉर्ड्सवरच्या विश्वचषक अंतिम सामन्याची जादा तिकिटे त्यांना नाकारण्यात आली. तो अपमान त्यांच्या जिव्हारी लागला आणि पुढची स्पर्धा इंग्लंडबाहेर नेण्यासाठी त्यांनी पाकिस्तानच्या मंडळाला बरोबर घेतले. १९८७ चा विश्वचषक भारत आणि पाकिस्तानात झाला. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपूरच्या सदरमधल्या मैदानावर चेतन शर्माने न्यूझीलंडविरुद्ध सलग तीन चेंडूंवर तीन बळी घेतले आणि सुनील गावसकरांनी आपले एकमेव एकदिवसीय शतक झळकावले. राग होता, पण त्याचे रूपांतर पत्रव्यवहारात, वाटाघाटींत आणि शेजाऱ्याशी केलेल्या भागीदारीत झाले. दुसरा प्रकार म्हणजे हेच वाक्य पराभवाचे कायमचे स्पष्टीकरण म्हणून वापरणे. निवड समिती आपल्याविरुद्ध, पंच आपल्याविरुद्ध, मुंबईची पत्रे आपल्याविरुद्ध. यातले काही अधूनमधून खरेही असते. पण विदर्भातल्याच शशांक मनोहर यांनी भारतीय मंडळाचे अध्यक्षपद दोनदा आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्षपदही भूषवले, हेही त्याच इतिहासात आहे. त्या वरच्या खुर्च्यांमुळे करंडक आला नाही. तो आला नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानामुळे, निवासी अकादमीमुळे आणि वयोगटातल्या संघांवर वर्षानुवर्षे घेतलेल्या मेहनतीमुळे.

पहिले रणजी विजेतेपद १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या होळकर मैदानावर मिळाले. फैज फजलच्या संघाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवले. रजनीश गुरबानीने अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक साधली. रणजीच्या अंतिम सामन्यात असे याआधी एकदाच, १९७२-७३ मध्ये तमिळनाडूच्या बी. कल्याणसुंदरम यांच्याकडून घडले होते. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या. पण विजयी फटका मारला तो मुंबईच्या वसीम जाफरने, आणि संघाला घडवणारे प्रशिक्षक होते मुंबईचेच चंद्रकांत पंडित. ज्या शहराविरुद्ध विदर्भाच्या अभिमानाची धार सर्वांत तीव्र, त्याच शहराच्या दोन माणसांचा त्या यशात मोठा वाटा आहे. यात कमीपणा मुळीच नाही. पंडितांची शिस्त आणि जाफरची सोबत यांनी विदर्भाच्या मुलांना आपण जिंकू शकतो हे पटवून दिले, आणि ते पटणे हेच त्या संघाचे खरे भांडवल ठरले.

‘आपले’ आणि ‘परके’ यांची सरमिसळ पुढे आणखी वाढली. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे अकरा बळी घेऊन आदित्य सरवटेने दुसरा करंडक मिळवून दिला. २०२४-२५ मध्ये विदर्भ पुन्हा अंतिम सामन्यात आला तेव्हा समोर केरळ होते आणि केरळच्या संघात तोच सरवटे होता. त्याने ७९ धावा करून विदर्भाला घाम फोडला. विदर्भाच्या बाजूने कर्नाटकातून आलेल्या करुण नायरने ८६ आणि १३५ धावा केल्या, नागपूरच्या तरुण दानिश मालेवारने १५३. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता झाला. त्या हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामातला विक्रम केला. सरवटेवर चिडणे आणि नायरला डोक्यावर घेणे हे चाहत्याच्या मनाला अगदी नैसर्गिक वाटते. निष्ठा माणसाशी नसून टोपीच्या रंगाशी असते.

याचा अभ्यास झालेला आहे. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना क्षुल्लक कारणांवरून दोन गटांत विभागले. त्यातले एक कारण कोणत्या चित्रकाराचे चित्र आवडते एवढेच होते. मुले एकमेकांना ओळखत होती, पण आपल्या गटात कोण आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, गटांत भांडणही नव्हते. तरीही पैसे वाटायला सांगितल्यावर त्यांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढे आहे. आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्याशी अंतर जास्त राहिले पाहिजे, असा कल त्यांच्यात दिसला. १९७६ मध्ये रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी विद्यापीठांत पाहिले की फुटबॉल संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे जास्त विद्यार्थ्यांच्या अंगावर दिसतात, आणि विजयाविषयी बोलताना ‘आम्ही’ येते, पराभवाविषयी बोलताना ‘ते’. लंडनच्या मिलवॉल क्लबचे समर्थक तर आपण कुणालाच आवडत नाही आणि त्याची आपल्याला पर्वा नाही, असे अभिमानाने गातात. सगळे जग विरोधात आहे असे मानले की आपल्या गटात राहण्याची किंमत वाढते. म्हणूनच जिंकू लागलेल्या संघांनाही ही भावना सोडवत नाही, आणि तीन रणजी करंडक घरात असूनही विदर्भाच्या चाहत्याला अजून स्वतःला डावललेलाच मानावेसे वाटते.

भारतात संघ प्रदेशावर उभे राहणे ही एक सुधारणा होती, याची आठवण आता फारशी उरलेली नाही. मुंबईत रणजीच्या आधीपासून गाजणारी स्पर्धा धर्मावर उभी होती: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन. १९३७ मध्ये उरलेल्यांसाठी पाचवा संघ आला आणि त्याचे नावच ‘द रेस्ट’ होते. सांगलीचे मराठी ख्रिस्ती विजय हजारे त्या संघातून खेळत. १९४३-४४ मध्ये हिंदू संघाविरुद्ध संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. त्याच हिंदू संघात त्याआधी पळवणकर बाळूंसारख्या थोर गोलंदाजाला केवळ जातीमुळे कर्णधारपद नाकारले गेले होते. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले. महात्मा गांधींनी १९४० मध्ये अशा धार्मिक स्पर्धेविषयी नापसंती जाहीर केली आणि १९४६ नंतर ती बंद पडली. गर्दी मात्र तिलाच होत होती. प्रदेशावरचा अभिमान निदान त्या प्रदेशातल्या हिंदूला, मुसलमानाला, बौद्धाला एकाच बाजूला बसवतो. फैज फजल, वाडकर, गुरबानी, जाफर, उमेश यादव यांच्या नावाने एकच टाळी पडते, हे विदर्भाभिमानाचे सर्वांत मोठे पुण्य आहे आणि ते जपण्यासारखे आहे.

भंडारा जिल्ह्यात या अभिमानाला आणखी एक थर आहे. नागपूरकर ज्या सुरात मुंबईविषयी बोलतात, जवळपास त्याच सुरात झाडीपट्टीतला माणूस नागपूरविषयी बोलतो. मोहाडी किंवा लाखांदूरच्या मुलाला विदर्भाच्या संघापर्यंत जायचे असेल तर वाट नागपूरच्या क्लबांतून जाते. जामठ्याचे मैदान भंडाऱ्याहून निघाल्यावर नागपूर ओलांडून पलीकडे येते. त्यामुळे जिल्ह्यातल्या बहुतेकांचा विदर्भ संघाशी संबंध मोबाइलच्या पडद्यावरच येतो. स्वतःच्या गावाच्या नावाने ओरडण्याची जागा इथे वेगळी आहे: रात्री दिव्यांच्या उजेडात होणारे कबड्डीचे सामने आणि धानाची कापणी-मळणी आटोपल्यावरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत.

शंकरपटात अभिमान बैलजोडीचा, मालकाचा आणि गावाचा असतो. बालाघाटकडूनही जोड्या येतात, पटशौकिनांत पैजा लागतात, निकालावरून वादही होतात. पण पट म्हणजे पाहुण्यांचाही दिवस. लेकी-जावई आलेले असतात, चुलीवर मोठे भांडे चढलेले असते, रात्री झाडीपट्टीचे नाटक असते. हरलेल्या गावात बहीण दिलेली असते किंवा जिंकलेले गाव मामाचे असते. नात्यांचे असे आडवे-उभे धागे असले की दुपारी दिलेली शिवी संध्याकाळपर्यंत टिकवणे अवघड जाते. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली तेव्हा मात्र हीच गावे एक झाली आणि ‘शेतकरी विरुद्ध शहर’ अशी मोठी भिंत उभी राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त मुभा मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. बैलाला चाबूक, टोचणी, शेपूट पिरगाळणे नको ही अट शहरी माणसाने लादलेली नव्हे, बैल पोटच्या पोरासारखा सांभाळणाऱ्याला ती आपलीच वाटायला हवी. विजयाच्या गुलालात काही ठिकाणी तिचा विसर पडतो, हे दुःखाचे आहे.

नात्याचा धागा कमी पडला तर काय होते ते मार्च २०२४ मध्ये कोल्हापूरजवळ दिसले. करवीर तालुक्यातल्या हणमंतवाडीत मुंबई इंडियन्स आणि सनरायझर्स हैदराबाद यांचा सामना पाहताना, रोहित शर्मा बाद झाल्यावर आनंद व्यक्त करणाऱ्या चेन्नई संघाच्या, साठी ओलांडलेल्या चाहत्याला मारहाण झाली आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. पोलिसांनी त्याच परिसरातल्या दोघांना अटक केली. एका बाजूचे नाव मुंबई, दुसऱ्या बाजूचे चेन्नई, आणि जीव गेला तो करवीरच्या एका गावकऱ्याचा. शेजारधर्माचे नाते तिथे होते, पण भाड्याने घेतलेल्या निष्ठेपुढे ते कमी पडले. केवळ जवळीक पुरेशी नसते, हे कोल्हापूरच्या पेठांमधली फुटबॉलची जुनी चुरसही सांगते. तालमींच्या संघांवरच्या प्रेमाने तिथे खेळ जिवंत ठेवला आणि त्याच प्रेमापोटी हाणामाऱ्याही झाल्या. तरी पेठेला आपला खेळाडू नावानिशी माहीत असतो, त्याच्या घरी जाता येते, त्याला रागावता येते. आयपीएलचा संघ लिलावात दर काही वर्षांनी मोडतो आणि नव्याने बांधला जातो. त्याच्याशी जोडणारी गोष्ट उरते ती जर्सी, घोषणा आणि दुसऱ्या संघाचा राग. बंगळुरूच्या समर्थकांनी वर्षानुवर्षे जपलेली ‘ई साला कप नमदे’ (यंदा चषक आपलाच) ही घोषणा जून २०२५ मध्ये खरी झाली आणि दुसऱ्याच दिवशी स्टेडियमबाहेरच्या चेंगराचेंगरीत अकरा जण गेले. तो दोष चाहत्यांच्या प्रेमाचा नव्हता, त्या प्रेमाची गर्दी होणार हे माहीत असून तयारी न करणाऱ्यांचा होता. भंडाऱ्यातली पोरे आज मुंबई, चेन्नई आणि बंगळुरू अशा तीन छावण्यांत वाटली गेली आहेत. त्यांच्यापैकी कितींना विदर्भाच्या रणजी संघातले अकरा जण सांगता येतील, हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे.

विदर्भाच्या अभिमानाने काय करता येते याचे उदाहरण फेब्रुवारी २०१९ चे आहे. इराणी सामना चालू असताना पुलवामात जवानांवर हल्ला झाला. शेष भारताविरुद्ध करंडक राखल्यावर फैज फजलच्या संघाने बक्षिसाची रक्कम शहीद जवानांच्या कुटुंबांना दिली. संघाची ओळख कायम ठेवून मोठ्या समूहात सामील होण्याची ती रीत होती. अजून न सुटलेला प्रश्न वेगळाच आहे: या ‘आपण’मध्ये मुली किती बसतात? २०१७ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत गेलेल्या भारतीय संघात नागपूरची मोना मेश्राम होती. तिच्या नावाची घोषणा विदर्भात कितीदा झाली? भंडाऱ्याच्या क्रीडाप्रेमींनी विदर्भाच्या नावाने गर्जना करावीच. त्याबरोबर जिल्ह्यात नीट खेळपट्टी असलेली मैदाने किती, शाळकरी मुलींना प्रशिक्षक कोण, तुमसर-पवनीच्या मुलाला नागपूरला ये-जा करण्याचा खर्च कोण देतो, हेही त्याच आवाजात, जिल्हा क्रीडा कार्यालयाला आणि क्रिकेट संघटनेला विचारावे.