सोबत येतेस का?

मिहानमधल्या माझ्या मैत्रिणीच्या ऑफिसात दरवर्षी हेल्थ चेकअपचं पॅकेज येतं. शुगर, लिपिड, थायरॉइड... आणि शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात, 'पॅप स्मिअर, ऑप्शनल'. या ऑप्शनलवर टिक करणारी मुलगी तिला आजवर भेटलेली नाही. 'ते लग्नानंतरचं असतं ना गं?' म्हणत सगळ्या थेट नाश्त्याच्या कुपनकडे वळतात. मी फ्रीलान्सर, त्यामुळे मला पॅकेजही नाही आणि कुपनही नाही. पण खरं सांगू? असतं तरी मीही तेच केलं असतं.

मग मला ताई भेटली.

ताईचं नाव, वस्ती आणि धंदा, तिन्ही बदलून लिहितेय. तिची अटच आहे तशी. समजा, ती फॉल-पिको करते. वय ३६. बारा वर्षांपासून एचआयव्हीसोबत जगते. रोज रात्री नऊला मोबाइलचा अलार्म वाजतो, ती गोळी घेते आणि पुन्हा मशीनवर बसते. तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत. गोळ्या आणायची तारीख बारा वर्षांत एकदाही चुकवलेली नाही. तरी एका तपासणीसाठी तिला चार चकरा माराव्या लागल्या. चौथ्या चकरेला मी सोबत होते.

आधी थोडं सायन्स, कंटाळू नका. गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो तो एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे. हा इतका कॉमन आहे की बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी गाठतोच, आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत गुपचूप निघूनही जातो. पण एचआयव्हीने प्रतिकारशक्ती ढिली केली असेल तर तो मुक्कामच ठोकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईला या कॅन्सरचा धोका सहापट. एरवी तो व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात, एचआयव्हीवर उपचार सुरू नसतील तर पाच-दहाच. म्हणून इतर बायकांना तिशीपासून सांगितलेली तपासणी या बायकांना पंचविशीपासून, दर तीन ते पाच वर्षांनी. आपल्याकडे २००४ च्या एप्रिलपासून सरकारी एआरटी मोफत मिळायला लागली आणि या बायका जगायला लागल्या. जगल्या, म्हणून तर आता पुढच्या वयातल्या आजारांचा प्रश्न आला ना!

तर ताईच्या चकरा. काउन्सेलरने तिला पहिल्यांदा चिठ्ठी दिली तेव्हा ती दवाखान्यातल्या दुसऱ्या बिल्डिंगपर्यंत गेली, रांग बघितली आणि परत फिरली. चिठ्ठी ब्लाउजच्या मापांच्या वहीत ठेवली. आठ महिने तिथेच. "एक आजार लपवता लपवता जीव जाऊन राहिला, दुसरा काहून शोधू?" असं तिचं लॉजिक. दुखत नाही, खुपत नाही, मग जायचं कशाला? बरं, या कॅन्सरची आधीची पायरी दुखत नाहीच, हीच तर सगळी अडचण आहे.

दुसऱ्यांदा ती रांगेत उभी राहिली. (दवाखान्याचं नाव लिहीत नाही, विचारू नका.) दोन तासांनी खिडकीतून आवाज आला, "एआरटीवाली कोण आहे?" अख्ख्या रांगेने माना वळवल्या. ताई गेटबाहेर, थेट ऑटोत. बाईच्या मर्जीविना तिचं एचआयव्ही असं जाहीर करू नये, असा कायदा आहे. २०१७ चा, सप्टेंबर २०१८ पासून लागू. खिडकीवरच्या माणसाला तो कोणी सांगितला होता का, देव जाणे.

तिसऱ्यांदा नेमकी पाळी आली. दिवसाची मजुरी गेली ती गेलीच.

चौथ्या वेळी तिच्यासारख्याच बायकांच्या गटातल्या एका बाईने आधी जाऊन नर्सशी बोलून ठेवलं. माझं काम फक्त पर्स धरायचं आणि बाहेर बसून गप्पा मारायचं. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत दहा मिनिटं. व्हीआयए म्हणतात त्या टेस्टला. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ अॅसेटिक अॅसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, कुठे पांढरा डाग उमटतो का बघायचं. अॅसेटिक अॅसिड म्हणजे चायनीजच्या गाडीवर मिरच्या बुडवतात तेच व्हिनेगर, यार! पुण्यात 'प्रयास' आणि जहांगीरच्या संशोधकांनी हजारावर एचआयव्हीबाधित बायकांची तपासणी केली होती. कमी पैशांच्या ठिकाणी या बायकांसाठीही हीच टेस्ट जमण्याजोगी आहे, असं त्यांनी २०१३ मध्ये मांडलं. त्याआधी उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात, गावोगावच्या १,३१,७४६ बायकांवर मोठा अभ्यास झाला. ज्या गटाला एकदाच, हो एकदाच, एचपीव्ही टेस्ट मिळाली, त्या गटात पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरने गेलेल्या बायका जवळपास निम्म्याच निघाल्या. हे छापून आलं २००९ ला. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ही तपासणी कधी तरी केलेल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायका किती? शंभरात दोनसुद्धा नाहीत. यात एचआयव्ही असलेल्या-नसलेल्या सगळ्याच आल्या.

ताईला डाग निघाला.

बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंतच्या दिवसांत तिने माझ्या तीन साड्यांचे फॉल उलटे लावले. रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता, त्याच्या आधीची पायरी होती. ती जागा उष्णतेने जाळून टाकली. अॅडमिट नाही, टाके नाहीत, संध्याकाळी घरी. वर्षाने पुन्हा दाखवायचं. "एवढ्यासाठी मी आठ महिने भेली होती?" असं म्हणून ती सीताबर्डीच्या भर चौकात हसत सुटली.

मग रसवंतीवर ग्लास हातात असताना विचारते, "तुझ्या मायनं केली का?"

माझी आई. वय ५४, निवृत्त शिक्षिका, महिन्याला बीपी चेक, वर्षाला डोळे. ही टेस्ट? कधीच नाही. घरी येऊन विचारलं तर म्हणाली, "मला काय झालंय?" शब्दशः ताईचंच वाक्य, फक्त प्रमाण मराठीत.

रविवारी ताई आईच्या साड्या घेऊन येतेय. "माझं काही सांगू नको. ते कधी सांगायचं ते मी पाहीन," तिने बजावलंय, "पण टेस्टचं मीच बोलतो तिच्याशी. आणि येत असन तर सोबतही जातो."