कुठे सापडलं, ते आधी सांगा

मेटल डिटेक्टर म्हटलं की पूर्वी आपल्याला देवळाच्या नाहीतर विमानतळाच्या दारातली तपासणी आठवायची. आता हे यंत्र मिक्सर-इस्त्रीसारखं घरबसल्या मागवता येतं. त्याच्या जोडीला मोबाइलवर व्हिडिओ असतातच. कुणीतरी शेतातून यंत्र फिरवतो, ते पीं पीं करतं, खुरप्याने चार बोटं माती बाजूला केली की आत लखलखीत नाणं! बघणाऱ्याला वाटतं, आपल्या शेतातही असेल की काहीतरी. आपला मराठवाडा तर सातवाहनांपासून निजामापर्यंत सगळ्यांच्या राज्यातून गेलेला. आपल्या मातीत नाही तर कुणाच्या मातीत असणार?

माझ्या पुतण्यालाही असंच वाटलं. गेल्या उन्हाळ्यात त्याने साठवलेल्या पैशांतून एक साधंसं यंत्र मागवलं आणि रविवारी आम्ही सगळे पैठण रस्त्यावरच्या आमच्या आखाड्यावर गेलो. ‘काकू, तुम्ही पिशवी धरा, सापडलेलं त्यात टाकू,’ असं म्हणून त्याने मला कामालाही लावलं. मला खरंच मजा आली, हे आधीच सांगते. कानाला लावून ऐकायचं, जमिनीला जवळजवळ टेकवून यंत्राची तबकडी सावकाश इकडून तिकडे न्यायची आणि आवाज आला की थांबायचं. रानातल्या कामाइतकंच हेही सबुरीचं काम आहे.

यंत्राचं तत्त्व तसं सोपं आहे. तबकडीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज खेळवली की खालच्या मातीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तिथे धातू असेल तर त्या धातूतही बारीकसे प्रवाह उठतात आणि यंत्र ते टिपतं. लोखंडाला जाडसर आवाज, तांब्या-चांदीला चढा आवाज, असा साधारण हिशेब. पण औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी आणि खरं नाणं यांत यंत्र बऱ्याचदा गोंधळतं. आणि एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे असं घरगुती यंत्र नाण्याएवढी वस्तू वीत-दीड वीत खोलीपर्यंतच ओळखतं. ‘आमचं यंत्र पन्नास फुटांवरचं सोनं दाखवतं’ असं सांगणारा माणूस दारात आला, तर त्याला पाणी द्या आणि वाटेला लावा.

दोन-अडीच तासांत आमच्या पिशवीत काय जमलं? सात-आठ गंजके खिळे, बैलाच्या खुराची एक पत्री, बाटल्यांची बुचं, गोळ्यांची पाकिटं, ॲल्युमिनियमचा कंगोऱ्यांचा दहा पैसा आणि हिरवट पडलेला एक भोकाचा पैसा. व्हिडिओतलं नाणं लखलखीत कसं, हा प्रश्न मला तेव्हाच पडला. सोनं सोडलं तर मातीत राहिलेली नाणी अशी चमकत नाहीत. तांबं हिरवं पडतं, चांदी काळवंडते.

भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या काळात निघाला. इंग्रज सरकारने युद्धात धातू वाचवायला पैशाच्या मधोमध भोक पाडलं. पुतण्या लगेच मोबाइलवर त्याचा भाव शोधायला लागला. माझ्या सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी पैसा हातात घेतला, पदराने पुसला आणि विचारलं, ‘कुठं सापडला?’ आम्ही जागा दाखवली. त्या म्हणाल्या, ‘मग बरोबर. तिथं आपलं खळं होतं. मळणीला बाया यायच्या. कुणाच्या तरी कनवटीचा पडला असंल.’ मग निजामाचा हाळी सिक्का आणि इंग्रजांचा कलदार, दोन्ही एकाच बाजारात कसे चालायचे, हाळीपेक्षा कलदाराला जास्त मान कसा असायचा, यावर त्या अर्धा तास बोलत राहिल्या.

मैत्रिणींनो, मला म्हणायचंय ते एवढंच आहे. पुतण्याने विचारलं, ‘कितीचं आहे?’ सासूबाईंनी विचारलं, ‘कुठं सापडलं?’ दुसरा प्रश्नच खरा आहे. भोकाच्या पैशाला बाजारात विचारतं कोण? पण खळ्याच्या जागी सापडला म्हटल्याबरोबर तो कुण्या मजूर बाईची कमाई झाला. तोच पैसा जागा न सांगता दुकानात नेऊन टाकला असता, तर ती बाई कायमची पुसली गेली असती.

आमचा आखाडा म्हणजे काही पुरातन जागा नव्हे, म्हणून तिथे हा खेळ ठीक. पण आपल्याकडे कितीतरी गावांच्या कडेला पांढरीचं टेकाड असतं. माळवदावर टाकायला, घर सारवायला जिथून पांढरी माती आणायची, तेच ते टेकाड. ती माती पांढुरकी का, तर शेकडो वर्षं तिथे माणसं राहिली, त्यांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंती, फुटकी खापरं त्यात मिसळत गेली. थरावर थर बसले. सगळ्यात खाली सगळ्यात जुनं. म्हणजे डब्याच्या चळतीसारखंच. कुठलं नाणं कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी मिळालं, यावरून त्या वस्तीचं वय कळतं. रात्रीतून कुणी तिथे खड्डा खणला की चळत कोसळते. नाणं हाती येतं, पण पानं फाडून फक्त पुठ्ठा घरी आणल्यासारखं.

आता हेच बघा. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे सव्वातेरा हजार नाणी. ती होती नहपान या क्षत्रप राजाची. पण त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. इकडे नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, निःपात केला असं ती त्यात सांगते. आई आहे, लेकाचं कौतुक करणारच, असं कुणी म्हणालं असतं. पण जोगलटेंभीच्या नाण्यांनी तिच्या शब्दाला साक्ष दिली. ही साक्ष मिळाली कारण एवढी नाणी एकत्र अभ्यासकांसमोर आली. तीच एकेक करून सोनाराच्या मुशीत गेली असती, तर साक्ष वितळून गेली असती आणि चार जणींच्या तोरड्या झाल्या असत्या.

हाव किती पटकन पसरते, ते २०२५ मध्ये आपण पाहिलं. फेब्रुवारीत ‘छावा’ चित्रपट आला. त्यात बुऱ्हाणपूर आहे. मार्चमध्ये मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगडाजवळच्या शेतांत लोक रात्रीच्या रात्री टॉर्च, चाळण्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन मोगलांचं सोनं उकरायला लागले. शेवटी पोलिसांना लक्ष घालावं लागलं. आपल्या रावेरपासून ही जागा काही फार लांब नाही. ज्यांच्या शेतात खड्डे पडले, त्या घरातल्या बाईला दुसऱ्या दिवशी काय वाटलं असेल, हे मात्र कुणी विचारलं नाही.

बरं, समजा खरंच काही सापडलं, तर? कायदा जुना आहे आणि अजून लागू आहे. १८७८ चा निखात निधी कायदा म्हणतो की जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं : काय सापडलं, कुठे आणि कधी. बघा, कायद्यालाही ‘कुठे’ लागतंच! लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. पण कळवणाऱ्याला कायदा उपाशी ठेवत नाही. चौकशीत त्या धनाला कुणी वारस निघाला नाही, तर सापडवणारा आणि जमीनमालक यांच्यात ते वाटलं जातं. दोघांत आधी काही ठरलेलं नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याला आणि एक मालकाला. सरकारने ते स्वतःकडे घेतलं, तर किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. दौलताबादचा किल्ला, वेरूळ अशा संरक्षित ठिकाणच्या हद्दीत तर परवानगीशिवाय खोदणं हाच गुन्हा आहे.

२०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागात पायाच्या खोदकामातून निघालेली सोन्याची २१६ जुनी नाणी पोलिसांनी घरातून जप्त केली. सापडलेलं सांगितलं असतं, तर पोलिस दारात आले नसते. याउलट इंग्लंडमधली एक गोष्ट मला फार आवडते. १९९२ मध्ये सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. एरिक लॉझ नावाचे त्याचे स्नेही मेटल डिटेक्टर घेऊन ती शोधायला गेले. हातोडी शोधताना रोमन काळातली नाणी आणि चांदीचे चमचे निघाले. थोडं उकरल्यावर त्यांनी हात थांबवला आणि कळवलं. तज्ज्ञांनी येऊन माती न विस्कटता सगळं काढलं. जवळपास पंधरा हजार नाणी, दागिने, एवढंच काय, सगळं कोणत्या पेटीत कसं रचून ठेवलं होतं तेही कळलं. त्यांना बक्षीस मिळालं, शेतकऱ्यालाही त्यातला वाटा मिळाला आणि ती हातोडीसुद्धा ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. शहाणपण यंत्रात नव्हतं. ते वेळेवर थांबलेल्या हातात होतं.

आता तुम्ही म्हणाल, हे पुरुषांचे उद्योग, बायकांच्या पुरवणीत कशाला? तर त्याचं कारण आहे. गुप्तधनाच्या नादाची किंमत आजवर सगळ्यात जास्त बायका-मुलींनी मोजली आहे. आपल्याच मराठवाड्यात, परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२ ते १९७४ या काळात लहान मुली आणि स्त्रिया एकामागून एक मारल्या गेल्या. त्यामागच्या अघोरी पूजांत गुप्तधनाची हाव होती. एवढ्या टोकाला सगळे जात नाहीत, हे मान्य. पण मांत्रिकाला द्यायला मंगळसूत्र गहाण पडतं, बियाण्याचे पैसे यंत्रवाल्याच्या खिशात जातात, ‘पायाळू’ म्हणून कुणाच्या तरी लेकराला रात्री रानात नेलं जातं. गुप्तधनाच्या नावाखाली अमानुष कृत्य करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे घरात मोठ्याने सांगणारी एक तरी बाई असली पाहिजे.

दुसरा फास मोबाइलमधून येतो. ‘तुमच्याकडचं जुनं नाणं लाखांना घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा.’ रिझर्व्ह बँकेचं नाव घालून ही फसवणूक चालते. बँकेने २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे की आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि कुणाकडून त्यासाठी शुल्क घेत नाही. मिसळणाच्या डब्याखाली जपलेले पैसे असे एका फोनवर घालवू नका.

मग यंत्र माळ्यावर टाकायचं का? मुळीच नाही. हरवलेली जोडवी, विहिरीच्या कडेला पडलेली किल्ली, अंगणात निसटलेली नथ, यासाठी ते फार कामाचं आहे. आमच्या शेजारणीचं उकिरड्यात गेलेलं कानातलं त्याने अर्ध्या तासात काढून दिलं. मुलं त्यावर विज्ञान शिकतात, मोबाइल सोडून उन्हात फिरतात, हेही कमी नाही. फक्त दोन नियम घरात घालून द्या. एक, फिरवायचं ते आपल्याच जमिनीत नाहीतर मालकाला विचारून. पांढरीवर, गढीवर, देवळाच्या-दर्ग्याच्या आवारात, किल्ल्यावर नाही. दोन, जुनं काही दिसलं की हात थांबवायचा. घासायचं नाही, धुवायचं नाही, जागेचा फोटो काढायचा आणि तहसील नाहीतर जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवायचं.

आणि पोरांना खरी जुनी नाणी बघायचीच असतील, तर सुट्टीत धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला घेऊन जा. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या गृहस्थांनी गावाच्या पांढरीतून निघणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. विकल्या नाहीत. आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय तिथे आहे. आपल्या पैठणलाही बाळासाहेब पाटलांच्या संग्रहातून उभं राहिलेलं संग्रहालय आहे. दोघेही आपल्यासारखेच गावातले लोक. त्यांनी जे गावात सापडलं ते गावाला ठेवलं, म्हणून आज तुमची-माझी मुलं दोन हजार वर्षांपूर्वीचं नाणं काचेतून का होईना, बघू शकतात.