गाडीला आशीर्वाद आणि डोक्याला हेल्मेट

नवी मोटारसायकल घेतली की आपला माणूस ती शोरूममधून थेट चर्चच्या आवारात आणतो. हँडलला झेंडूचा हार असतो, आरशाला जपमाळ असते, आणि सीटवरचा प्लॅस्टिकचा कागद अजून काढलेला नसतो. फादरांनी प्रार्थना म्हणावी, पवित्र पाणी शिंपडावे, मग पेढे वाटून सर्वांनी घरी जावे, अशी ही रीत आहे. रीत चांगली आहे आणि ती बंद पडावी असे मला मुळीच वाटत नाही. परंतु अलीकडे मी या आशीर्वादाला एक अट घातली आहे, व तिच्यावरून गावात थोडी कुरकुर चालली आहे, हे माझ्या कानावर आले आहे. अट एवढीच की, गाडीबरोबर दोन हेल्मेटे आणावीत. एक चालवणाऱ्याचे, दुसरे मागे बसणाऱ्याचे. ती नसतील तर गाडी तशीच परत न्यावी. पेढे मात्र ठेवून गेलात तरी चालेल.

"आशीर्वादाला अट घालणारे फादर आम्ही बघितले नव्हते," असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला तोंडावर सांगितले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नवल होते. म्हणून माझी बाजू येथे मांडतो.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी असताना मी एका तरुणाच्या गाडीला आशीर्वाद दिला. मुलगा कष्टाळू, घरची शेती बघून सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणारा. अडीच महिन्यांनी त्याच चर्चमध्ये मी त्याचा अंत्यविधी केला. दूध घालून परतताना, घर हाकेच्या अंतरावर असताना, कुत्रे आडवे आले. अंगावर म्हणण्यासारखी जखम नव्हती. मार डोक्याला होता. हेल्मेट त्याच्याकडे होते. ते गाडीच्या आरशाला अडकवलेले सापडले आणि त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. दफनानंतर त्याची आई मला म्हणाली, "फादर, तुम्ही आशीर्वाद दिला होता न्हवं?" मला उत्तर देता आले नाही. त्या दिवशी आवारात मी त्याला गाडीची किंमत विचारली होती, लिटरला किती जाते तेही विचारले होते. हेल्मेटाचे विचारले नव्हते.

सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेले आणि खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सांगितले, ही हकीकत संत मत्तयाच्या शुभवर्तमानात आपण उपवासकाळात ऐकतो. प्रभूने उडी टाकली नाही. परमेश्वराची परीक्षा पाहू नये, असे त्याने उत्तर दिले. टाकीवर संत ख्रिस्तोफरचे चित्र चिकटवून उघड्या डोक्याने ऐंशीच्या वेगाने जाणे म्हणजे तीच परीक्षा पाहणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे. चर्चची शिकवणही याबाबतीत मऊ नाही. मद्यपानाने किंवा वेगाच्या हौसेने स्वतःचा व दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष आहे, असे कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात पाचव्या आज्ञेखाली सांगितले आहे. २००७ साली व्हॅटिकनने रस्त्यावरील वर्तनाविषयी स्वतंत्र मार्गदर्शक पत्र काढले व त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या. त्यांतील पहिली आज्ञा कोणती असेल हे तुम्ही सहज ओळखाल.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. हेल्मेट न घातलेले दुचाकीवरचे मृत त्यांत ५०,०२९ होते, आणि त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेले होते. मागे कोण बसते? आपल्याकडे बहुतेक वेळा बायको, आई, नाहीतर शाळेचे पोर. पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागे मावशी पदर सावरत बसलेल्या, हे दृश्य दर रविवारी मिस्सेच्या वेळी मी बघतो. कायदा दोघांनाही हेल्मेट घालायला सांगतो. चार वर्षांवरील मुलालाही ते लागते. त्याहून लहान मुलाला गाडी चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा आणि वेग चाळीसच्या आत हवा, असा नियम २०२२ साली झाला.

"फादर, रानापर्यंतच तर जायचं, हळूच जातोय," हे उत्तर मला सर्वांत जास्त वेळा मिळते. याचा थोडा हिशेब करू. गाडीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असते. तेवढ्या उंचीवरून कोणतीही वस्तू खाली पडली तर ती जमिनीवर ताशी सुमारे वीस किलोमीटर वेगाने आदळते. म्हणजे गाडी जागच्या जागी कलंडली तरी डोक्याला वीसचा तडाखा बसतोच. गाडीचा वेग हा त्यावरचा भाग झाला. नारळ दीड मीटरवरून फरशीवर टाकून बघा. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जो जाड थर असतो तो अशा वेळी स्वतः दबतो, आणि डोके एका झटक्यात थांबण्याऐवजी किंचित सावकाश थांबते. सगळी करामत त्या किंचित सावकाश थांबण्यात आहे. जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की, हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. पूर्ण अभय कोणतेच हेल्मेट देत नाही, हेही त्यातच आले. एकदा दबलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून जोराचा आपटा खाल्लेले हेल्मेट वरून धड दिसले तरी टाकून द्यावे.

येथे माझाही दोष कबूल करतो. आमच्या उपकेंद्रात मिस्सेला जाताना मी कित्येक वर्षे स्कूटरवर उघड्या डोक्याने जात असे. दोनच किलोमीटर, आणि रस्ता ओळखीचा! झगा वाऱ्यावर उडत असे, तो चाकात गेला नाही ही देवाची दया. फादर असे जातात म्हटल्यावर पोरांनी काय शिकावे?

हेल्मेट विकत घेताना आत किंवा मागे आय. एस. आय. ची खूण आणि आय. एस. ४१५१ हा आकडा बघावा. जून २०२१ पासून या खुणेवाचून दुचाकीचे हेल्मेट विकणे बेकायदा आहे, तरी रस्त्याकडेला टोपीसारख्या वाट्या विकल्या जातातच. त्या पोलिसासाठी असतात, डोक्यासाठी नव्हेत. माप घट्ट असावे. हेल्मेट हलवले तर गालाची कातडी बरोबर हलली पाहिजे. हनुवटीखालचा पट्टा लावावा. पट्टा न लावलेले हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पोहोचते. हजार-बाराशे रुपये जास्त वाटतात खरे, पण गाडीला पाऊण लाखाहून अधिक मोजताना आपला हात आखडला नव्हता.

बाकीच्या पेहरावासाठी शहरातल्या मुलांसारखे महागडे जाकीट घ्या असे मी म्हणत नाही. जाड कापडाची पँट, घोटा झाकणारे बूट आणि हातमोजे एवढे तरी करावे. पडणारा माणूस आधी तळहात टेकतो, आणि तळहाताची कातडी गेली की महिनाभर धार काढता येत नाही, खुरपे धरता येत नाही. शेतकऱ्याचे हात म्हणजे त्याचे भांडवल. लुंगी आणि रबरी चप्पल रानात ठीक आहे, गाडीवर नाही. बायकांच्या साडीचा पदर व मुलींची ओढणी मागच्या चाकात जाऊन झालेले अपघात आपण ऐकलेले आहेत. चाकावरची जाळी गाडी शोभिवंत दिसावी म्हणून काढून टाकू नये. आणि विळा-कोयता सीटखाली नुसता खोचून नेऊ नका. पोत्यात गुंडाळून, धार आत करून बांधा.

आपल्या बेळगाव भागाचा खरा काळ म्हणजे उसाचा हंगाम. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाजूंनी फूटभर बाहेर आलेला, आणि मागे ना दिवा ना चमकती पट्टी. ट्रॉली बिघडली की चाकाला दगड लावून रात्रभर रस्त्यातच उभी. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे सतरा मीटर जाते. समोरून येणाऱ्या दिव्याने डोळे दिपले असताना ती ट्रॉली दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत काय उरते? येथे दोष फक्त मोटारसायकलवाल्याचा नाही. ट्रॉल्या आपल्याच आहेत, बैलगाड्याही आपल्याच. चमकत्या पट्टीचा खर्च ट्रॉलीतल्या उसाच्या मानाने काहीच नाही. ज्यांच्या ट्रॉल्या आहेत त्यांनी ती लावली नाही तर माझ्या मते त्यांनाही पापनिवेदनात सांगण्यासारखे काही आहे.

आता सणाला जाणाऱ्या पोरांविषयी. संत फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र अवशेषांचे दर्शन जुन्या गोव्यात २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात खुले होते. त्या डिसेंबरात आमच्या युवकांनी मोटारसायकलींनी जायचे ठरवले. एकोणीस गाड्या होत्या, आणि एका मुलाच्या मागे मी बसलो होतो. पहाटे साडेतीनला निघालो. जांबोटीपर्यंत सर्व भक्तिभावाने चालले होते. पुढे तिघे-तिघे शेजारी-शेजारी, गप्पा मारीत, गाणी म्हणत. ज्यांच्या गाड्या दांडग्या ते पुढे निसटले, आणि जुन्या गाडीवरची पोरे त्यांना गाठायला जीव तोडून पळू लागली. कणकुंबीला धुके. त्याच रस्त्याने पायी चाललेले यात्रेकरूही होते. अंधारात त्यांच्या पाठीशी आमचे हे वऱ्हाड. चोर्ल्याच्या घाटात एका वळणावर आमच्यातला एक जण ट्रकला मागे टाकायला गेला आणि खडीवरून घसरला. हेल्मेट होते, जाड पँट होती; गुडघा आणि दोन्ही तळहात सोलले, एवढ्यावर निभावले. मी मागे बसून जपमाळ ओढत होतो. वीस मिनिटे आधीच गाडी थांबवायला सांगायला हवी होती, ते मी केले नाही.

त्यानंतर युवकांबरोबर बसून ठरवले आहे ते असे. एका गटात सहाच गाड्या. सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे जाणते चालक, आणि सर्वांत संथ गाडी दुसऱ्या क्रमांकावर, म्हणजे सगळ्यांचा वेग तिच्या वेगाने ठरेल. मोकळ्या रस्त्यावर एक गाडी थोडी उजवीकडे, तिच्या मागची थोडी डावीकडे, मध्ये निदान दोन सेकंदांचे अंतर. घाटात एकामागे एक. आपसात कोणी कोणाला मागे टाकायचे नाही. जांबोटी, कणकुंबी, साखळी या ठिकाणी सर्वांनी थांबून डोकी मोजायची. उजाडल्यावर निघायचे आणि दिवस असतानाच परतायचे. गोव्याहून परतताना काय प्यायचे नाही, हे मी लिहायला नको.

शेवटी एक गोष्ट, कारण याबाबतीत आपली दयाच घात करते. संत लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शमरोनी माणसाने जखमी वाटसरूला आपल्या जनावरावर घातले. आपण मात्र जखमीला दोघांच्या मध्ये बसवून मोटारसायकलवर नेतो. मानेचे हाड मोडले असेल तर त्या प्रवासात तो कायमचा लुळा होऊ शकतो. त्याला हलवू नका, १०८ ला फोन करा, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढू नका. श्वास अडत असेल तरच दोघांनी मिळून काढावे, एकाने मान व डोके स्थिर धरावे आणि दुसऱ्याने हेल्मेट सावकाश सरकवावे. पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, हे कायद्यातच आहे.

वाहनांना आशीर्वाद पूर्वीप्रमाणेच महिन्याच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर दिला जाईल. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी तिसरे, छोटे हेल्मेटही आणावे. ज्यांना दुसऱ्या हेल्मेटाचा खर्च खरोखरच झेपत नाही त्यांनी मला शनिवारी संध्याकाळी एकट्याने भेटावे. काहीतरी व्यवस्था करू. ट्रॉलीवाल्यांसाठी चमकत्या पट्टीचे एक भेंडोळे मी आणून ठेवले आहे, ते चर्चच्या कचेरीत मिळेल.