दुकान किती वाजता उघडायचं? आधी शाळेची घंटा बघा!



दुकान टाकायचं ठरलं की आपण जागा बघतो, भाडं ठरवतो, माल कुठून उचलायचा याची चौकशी करतो. पण दुकान किती वाजता उघडायचं? ते मात्र शेजारचा किती वाजता शटर वर करतो ते बघून ठरतं. माझं मत वेगळं आहे. ज्या धंद्यात लहान मुलांचे आई-बाबा काम करतात, मग ते मालक असोत की स्टाफ, त्या धंद्याची वेळ जवळच्या शाळेची वेळ बघूनच ठरवली पाहिजे. मुलांवर दया म्हणून नव्हे, यात तुमच्या गल्ल्याचा हिशोब आहे.

९ वाजताची शाळा

डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पूर्ण व्हावी म्हणून शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार करायला सांगितलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाचा निर्णय आला की पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग २०२४-२५ पासून सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळा आणि स्कूल बसवाले यांच्या अडचणी लगेच पुढे आल्या. त्यामुळे तुमच्या भागातली शाळा किती वाजता भरते, ते तिथे जाऊनच विचारा.

निर्णय चांगलाच आहे. पाच वर्षांच्या पोराला थंडीत सहाला उठवून, अर्ध्या झोपेत रिक्षात कोंबायचं, हे कोणत्याच आई-बापाला आवडत नाही. पण झोप पोराची वाढली, तरी आई-बाबांचं घड्याळ तिथंच राहिलं. पूर्वी पोर पावणेसातला गेलं की घर मोकळं व्हायचं. आता त्याला पावणेनऊला सोडायचं आणि साडेनऊला काउंटरवर उभं राहायचं. रस्त्यात ट्रॅफिक लागलं की उशीर ठरलेलाच.

घरून धंदा करणाऱ्या ताईंचं तर वेगळंच दुखणं. दुपारच्या डब्यांचा खरा स्वयंपाक ७ ते १० मध्ये असतो. नेमकं त्याच वेळात पोराला उठवणं, आंघोळ, डबा, वेणी, सोडायला जाणं. अशा ताईंना मी सांगतो, दुपारच्या डब्याचा हट्ट सोडा. संध्याकाळचा डबा बघा, नाहीतर चकली, चटणी, मसाले यांच्या ऑर्डर घ्या. पोर शाळेत असताना हात मोकळे असतात, ते काम त्या वेळात बसतं.

शाळा किती तास? फक्त ४!

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं सांगितलं आहे. भागाकार करा, दिवसाचे ४ तास होतात. तुमचं दुकान मात्र १० ते ११ तास उघडं असतं. आणि ३६५ मधून २०० वजा केले तर १६५ दिवस उरतात. बऱ्याच शाळा २०० पेक्षा जास्त दिवस भरतात हे खरं, पण दिवाळीची आणि मेची सुट्टी ठरलेली. म्हणजे दिवाळीच्या खरेदीत आणि लग्नसराईत, जेव्हा तुम्हाला प्रत्येक हात हवा असतो, तेव्हाच स्टाफची पोरं दिवसभर घरी असतात.

एवढं सगळं कोण सांभाळतं? बहुतेक घरांत आई. आणि जमेनासं झालं की नोकरीही तिचीच सुटते. पाळणाघराची कायदेशीर सक्ती ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी आहे. आपली दुकानं त्यात येतच नाहीत. म्हणून हा प्रश्न आपल्यालाच सोडवायचा आहे.

हिशोब करून बघा

समजा, तुमच्याकडे १२,००० रुपये पगारावर एक ताई आहे. महिन्याचे २६ दिवस, रोज ९ तास, म्हणजे २३४ तास. ती साडेनऊऐवजी सव्वादहाला आली तर महिन्याला साडेएकोणीस तास कमी झाले. बरोबर बारावा हिस्सा, म्हणजे १,००० रुपये. आता ती सोडून गेली असं धरा. नवीन माणसाला माल, भाव, उधारीचं गिऱ्हाईक समजायला दोन महिने लागतात. तोवर काम अर्धंच होतं, असं धरलं तरी १२,००० गेले. म्हणजे एका वर्षाच्या उशिराचे पैसे! आणि "ताई आहेत का?" विचारत येणारं गिऱ्हाईक परत फिरतं, ते या हिशोबात धरलेलंच नाही.

बिलबुक काढा आणि सकाळी सव्वादहाच्या आत किती बिलं होतात ते मोजा. माझ्या कपड्यांच्या दुकानात दोन-तीनच होतात, त्याला मी एकटा पुरतो. म्हणून माझ्याकडे एक ताई सव्वादहा ते अडीच येतात, दुसऱ्या संध्याकाळी, कारण त्यांच्या घरी तेव्हा सासूबाई असतात.

प्रत्येक धंद्यात जमेल का?

नाही. दूध, नाश्ता सेंटर, भाजी, यांचा धंदा पहाटेच होतो. तिथे सकाळच्या शिफ्टला ज्यांची मुलं मोठी झाली आहेत अशी माणसं घ्या. आणि ज्यांना मुलं नाहीत त्यांच्यावरच सगळा भार टाकू नका. त्यांना रविवारची सुट्टी किंवा संध्याकाळी लवकर घरी जायची मुभा द्या. नियम लिहून भिंतीवर लावा. तोंडी सवलत दिली की रोज उपकार केल्यासारखं बोललं जातं, आणि माणूस कंटाळून जातो. हो, ही मुभा बाबांनाही द्या. बापाने पोराला शाळेत सोडलं, तर दुसऱ्या कोणाच्या तरी दुकानातली ताई वेळेवर पोहोचेल.

शाळेकडेही एक मागणी करा. वर्ग ९ लाच भरू देत, पण फाटक ८ ला उघडा आणि एक खोली, एक मावशी द्या. थोडी फी लागली तर पालक देतील. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हा विषय मांडा. आणि शाळेने नाही म्हटलं, तर शाळेजवळ राहणाऱ्या एखाद्या विश्वासू ताईसाठी सकाळचा एक तास आणि दुपारचे चार तास मुलं सांभाळणं हा चांगला धंदा आहे.

या आठवड्यात एवढं करा

१. जवळच्या दोन शाळांच्या भरायच्या आणि सुटायच्या वेळा लिहून आणा.
२. सुट्ट्यांची यादी घ्या आणि काउंटरमागे लावा.
३. तासानुसार बिलं मोजा.
४. स्टाफला विचारा, "पोराला कोण सोडतं, कोण आणतं?"

मोठ्या कंपनीत वेळ बदलायला वरून परवानगी लागते. तुमच्या दुकानाच्या शटरची किल्ली तुमच्याच खिशात आहे. तिचा फायदा घ्या.