सब्र म्हणजे अश्रू गिळणे नव्हे

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहरातील हजारो माणसांचा बळी घेतला; अफझलगंजात, आज उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात असलेल्या चिंचेच्या फांद्यांना धरून सुमारे दीडशे जण तगले, तर उर्दू कवी अमजद हैदराबादी यांच्या डोळ्यांदेखत आई, पत्नी आणि मुलगी वाहून गेल्या. रुबाई, म्हणजे चार ओळींत एक विचार पुरा करणारी रचना, सूफी चिंतनासाठी समर्थपणे वापरणारा हा कवी ईश्वरनिष्ठ होता. तरीही त्या निष्ठेआड त्याने पूर दडवला नाही, उलट ‘कयामत-ए-सुग़रा’, म्हणजे लहान कयामत, या कवितेत तो आक्रोश उघड मांडला.

अशा प्रसंगातून होणारा मानसिक आघात म्हणजे निव्वळ मोठे दुःख नव्हे. घडलेली गोष्ट भूतकाळात जमा न होता वर्तमानात पुन्हा पुन्हा घडत राहणे, हे त्याचे खरे लक्षण होय. मानसोपचारतज्ज्ञ ज्यूडिथ हर्मन यांनी १९९२ साली आघातातून सावरण्याचे तीन टप्पे सांगितले: आधी सुरक्षितता, मग स्मरण व शोक, आणि शेवटी माणसांत परतणे. हैदराबादेत पुरानंतर अभियंते विश्वेश्वरय्यांच्या योजनेतून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले, म्हणजे सुरक्षिततेची तजवीज झाली. शोकाला मात्र धरण बांधून भागत नाही.

‘देवाची इच्छा’ असे म्हणून शोकाकुल माणसाला घाईने गप्प करणे हे सांत्वन नसून दुसरा घाव आहे, मग बोलणारा कितीही श्रद्धाळू असो. सब्र, म्हणजे धीर, या शब्दाचा अर्थ अनेकदा अश्रू आवरणे असा घेतला जातो. परंतु कुराणातील याकूब, ज्यांच्या तोंडी सुंदर सब्राची भाषा आहे, तेच पुत्र युसुफच्या विरहात डोळे जाईपर्यंत झुरतात. अध्यात्म भावनांना वाट करून देते तेव्हाच ते जखम भरून आणते, आणि हैदराबादच्या मोहरमने शतकानुशतके हेच केले आहे: तिथे रडणे ही उपासना आहे आणि ती एकट्याने करायची नसते.

मोहम्मद कुली कुतुबशहाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या बादशाही आशूरखान्यात, म्हणजे मोहरमच्या शोकासाठीच्या वास्तूतही, १९०८ चे पाणी शिरले. तिथल्या भिंतींवरील जुन्या रंगीत फरश्यांचे काम खालच्या भागात गेले. तेवढी जागा नंतर रंगवून भरली गेली, वरच्या मूळ झळाळीपुढे ती आजही वेगळी ओळखू येते, आणि मोहरममध्ये लोक त्याच भिंतींसमोर बसून शोक करतात.